तिकडची वेळ

माझी भाची हिंजवडीला नोकरी करते. मार्च संपत आला होता, सकाळीच उन्हाचा चटका जाणवायला लागला होता. डब्यात भेंडीची भाजी भरता भरता ती म्हणाली, "मावशी, आजपासून मी तासभर लवकर निघणार. तिकडची घड्याळं काल पुढे गेली ना."

मी विचारलं, तुला कोणी कळवलं? ती हसली. कळवायला कशाला हवं, म्हणाली, फोनला आपोआप कळतं, लॅपटॉपला कळतं, मीटिंग आपली आपण सरकते. तिचं काम जर्मनीतल्या लोकांबरोबर चालतं. खाली कंपनीची गाडी येऊन उभी होती. ती घाईघाईने गेली आणि मी ओट्याशी तशीच उभी राहिले. तव्यावरची पोळी जळल्याचा वास आला तेव्हा भानावर आले.

तिकडची घड्याळं. हे शब्द मी चाळीसहून जास्त वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. आणि शेवटचे ज्या तोंडून ऐकले होते, ते तोंड मला पोळीच्या धुरातसुद्धा लख्ख दिसत होतं. गोल चेहरा, हनुवटीवर गोंदलेला ठिपका, वरचा ओठ दाताखाली दाबायची सवय. शालन.

आमच्या लहानपणी पिंपरीत घड्याळाची कुणाला गरज नव्हती. भोंगे होते. वडील बार्शीकडून इथल्या कारखान्यात आले तेव्हा मी आईच्या कडेवर होते, म्हणजे मला आठवतं ते सगळं भोंग्यांच्या आवाजातच आठवतं. प्रत्येक कंपनीचा भोंगा वेगळा. एक जाड, म्हशीच्या हंबरण्यासारखा. एक बारीक, शेवटाला चिरकणारा. आई पहिल्या भोंग्याला चूल पेटवायची, दुसऱ्याला वडिलांच्या डब्याला फडकं बांधायची. वडील फाउंड्रीत होते, वाळूच्या साच्यांत लोखंड ओतायचे. घरी आले की त्यांच्या कानाच्या पाळीत काळी वाळू असायची, कितीही घासलं तरी उरायची. पाऊस येणार असला की औषधांच्या कारखान्याकडून आंबलेल्या पिठासारखा वास यायचा, आणि आई वास घेऊन दोरीवरचे कपडे काढायची. कारखान्यांच्या मध्ये अजून ज्वारीची रानं होती. शिफ्ट सुटलेली माणसं बांधावरून सायकली ढकलत यायची आणि जाता जाता एखादं कणीस मोडून घ्यायची. गुरुवारी सगळं बंद. आमचा रविवार गुरुवारी असायचा. त्या दिवशी चाळीतले बाप दाराबाहेर उन्हात बसून दाढी करायचे, आणि भोंगा नसल्यामुळे दुपार कधी झाली ते कुणाला समजायचं नाही.

अशा गावात वाढलेली मी पुढे वेळ सांभाळायच्या कामाला लागले.

बारावीनंतर मी पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा एक छोटा कोर्स केला होता. तेवढ्यावर मला वडिलांच्या शेजारच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून घेतलं. कंपनीची भागीदारी जर्मनीतल्या एका कारखान्याशी होती आणि त्यांनीच तो कॉम्प्युटर पाठवला होता. कपाटाएवढा, करड्या रंगाचा. त्याच्यासाठी वेगळी खोली केली होती, दुहेरी दाराची, चप्पल बाहेर काढून आत जायची. आत गारवा, नव्या प्लॅस्टिकचा वास, कागदाचा वास. बाहेर पिंपरी भाजून निघत असायची आणि आत मी स्वेटर घालून बसलेली असायचे. घरी हे सांगितलं तर आईला खरं वाटायचं नाही.

त्या यंत्राला रात्रीतून काही आठवत नसे. रोज सकाळी सुरू केलं की ते पहिल्यांदा तारीख विचारायचं, मग वेळ विचारायचं, आणि आपण जे सांगू ते निमूट मानायचं. मात्र वेळ आपली सांगायची नाही. सगळे प्रोग्रॅम तिकडे लिहिलेले, सुट्या भागांची मागणी तिकडे जायची, म्हणून कागदावर वेळ तिकडचीच उमटायला हवी असा नियम होता. मी मनगटावरचं घड्याळ बघायचे, तिकडचा हिशेब करायचे आणि बटणं दाबायचे. इथे कामगारांची रांग गेटातून आत येत असायची आणि माझ्या कागदावर अजून पहाट असायची. पहिल्या दिवसांत मला याची गंमत वाटे.

माझ्या आधी हे काम दिनकर करायचा. मावळातल्या एका खेड्यातला, डिप्लोमा झालेला, उंच, हळू बोलणारा. कंपनीने त्याला वर्षभरासाठी जर्मनीला शिकायला पाठवलं. कॉलनीतली पहिली परदेशवारी म्हणून सगळे त्याला हार घेऊन निरोप द्यायला गेले. लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. बायको मागे राहिली, संत तुकाराम नगरात, कंपनीने दिलेल्या एका खोलीत. तीच शालन.

टेलेक्सचं मशीन माझ्याच शेजारच्या खोलीत होतं. कॉम्प्युटर अडला की त्यावरून तिकडे प्रश्न पाठवायचे आणि उत्तर घ्यायचं, ते माझं काम. इथे अक्षर दाबलं की तिकडच्या कागदावर उमटायचं, तिथलं इथे. दर शुक्रवारी, तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत, दिनकर मशीनवर यायचा. कंपनीचं बोलणं झालं की आमच्या साहेबांनी त्याला पाच-दहा मिनिटं घरच्यांशी बोलायची सवलत दिली होती. साहेब तसे कडक, पण त्यांची स्वतःची मुलगी दूर दिलेली होती.

शालन पहिल्यांदा आली ती साहेबांच्या खोलीबाहेर डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. मी तिला आत घेतलं. मशीन खडखडायला लागलं तशी ती दचकून भिंतीला टेकली. मग कागदावर अक्षरं उमटायला लागली, एकेक, अडखळत, आणि तिने मला विचारलं, "ह्यांनीच दाबलं ते?" मी हो म्हणाले. तिने पुढे होऊन त्या कागदाला बोट लावून पाहिलं.

अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. शालनला इंग्रजी अक्षरओळख नव्हती. त्यामुळे तिचं मी टाइप करायचे आणि त्याचं तिला वाचून दाखवायचे. ती काय सांगायची तर घरातलंच. गवारीला यंदा किडा फार आहे. नळ गळतो तो दुरुस्त केला. तुमचा निळा सदरा धुऊन ठेवलाय. तो लिहायचा, इथला पाव काळा असतो आणि आंबट. खिडकीतून नदी दिसते पण तिच्यात कुणी धुणं धूत नाही. त्या टाइपात ळ नव्हता, ण नव्हता, बाळाचं बाल व्हायचं, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. एकदा तिला काही खासगी सांगायचं होतं. खूप वेळ घुटमळली आणि शेवटी मला म्हणाली, "तू दाब, पन वाचू नगंस." मी डोळे मिटून घेतले. तरी कानांनी ऐकलंच. ते मी आजही कुणाला सांगणार नाही.

पहिल्या एकदोन वेळी मी त्याचं लिहिणं बातम्या वाचल्यासारखं वाचलं. तिला ते पटेना. म्हणाली, "आसं न्हाई बोलत ते. ते थांबत्यात मधी." मग तिने मला शिकवलं. तो वाक्याच्या आधी श्वास घेतो. 'बरं का' म्हणताना 'बरं' लांबवतो. तिचं नाव घेताना आवाज खाली नेतो. मी तसं वाचायला लागले. हळूहळू इतकं जमलं की ती डोळे मिटून ऐकायची, भिंतीला डोकं टेकून, आणि मी वाचत असले तरी माझ्याकडे तिचं लक्ष नसायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. वीस वर्षांची होते मी. मला मैत्रीण नव्हती, सगळ्या लग्न होऊन गेल्या होत्या. शुक्रवार म्हटला की मीही सकाळपासून वाट बघायचे.

तिची वेळ पक्की होती. पहिली शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की ती गेटावर हजर. सुटणाऱ्या कामगारांच्या गर्दीत उलट्या दिशेने येणारी एकटी बाई ती, वॉचमन तिला लांबून ओळखायचा.

पाऊस संपला. गणपतीचे दिवस गेले. आणि एका शुक्रवारी मशीन वाजलंच नाही.

ती स्टुलावर बसून राहिली. मी मधूनमधून लाइन बघून आले, लाइन चांगली होती. तिने ओठ दाताखाली दाबला होता. बऱ्याच वेळाने ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली की काम पडलं असेल, पुढल्या शुक्रवारी येते. मी तिला दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन बसते न बसते तोच मशीन खडखडायला लागलं.

तोच होता. नेहमीसारखं, काही झालंच नाही असं, शालन आली का म्हणून विचारत होता.

मी अनवाणी धावले. चप्पल घालायला थांबलेच नाही. गेटाबाहेर रस्ता रिकामा होता, ती पार रेल्वे फाटकाजवळ पोचली होती. मी तिच्या नावाने हाक मारली. त्या रस्त्यावर कधी कुणी बाईने एवढ्या मोठ्याने हाक मारली नसेल. ती वळली. मी हातवारे केले आणि ती धावत आली, पदर खांद्यावरून सुटलेला, चपला हातात घेतलेल्या.

धापा टाकतच आम्ही मशीनसमोर बसलो. मी विचारलं, उशीर का झाला? तो म्हणाला, उशीर कुठे, मी वेळेवर आलोय. मग त्याच्या लक्षात आलं. इथे रविवारी सगळ्यांनी घड्याळं एक तास मागे केली, त्याने लिहिलं. उन्हाळ्यात पुढे करतात, थंडी आली की मागे. त्यांनाही हे नवीनच आहे, तुम्हाला कळवायचं राहिलं.

मी ते शालनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "घड्याळं मागं केली? समद्यांनी?" मी म्हटलं, हो, सगळ्या देशाने. ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना.

त्या आठवड्याचे माझे सगळे कागद एका तासाने चुकले होते. साहेबांनी सकाळची वाट न बघता त्याच संध्याकाळी, मागणीचे कागद निघण्याआधी, वेळ दुरुस्त करायला सांगितली. पण मागे जायचं म्हणजे पंचाईत होती. यंत्राला पुढे ढकलता यायचं. मागे ढकललं की ज्या तासाची कामं त्याने एकदा लिहून ठेवलीत तोच तास पुन्हा यायचा आणि सगळ्या नोंदी एकमेकींवर चढायच्या. उपाय एकच, यंत्र बंद करायचं, तासभर तसंच राहू द्यायचं आणि मग सुरू करायचं. तेवढ्यात खरी वेळ त्याला येऊन गाठायची.

तो तास आम्ही दोघींनी त्या गार खोलीत घालवला. साहेब गेले होते. दिवे तेवढे चालू. रोजची घरघर थांबल्यावर कळलं की खोली केवढी शांत आहे. शालनने पदर अंगाभोवती लपेटून घेतला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा होत्या. टरफलं खाली पडू नयेत म्हणून आम्ही ती माझ्या पदरात टाकत होतो. तिने मला तिच्या गावचं सांगितलं, चाकणच्या पलीकडचं. भातलावणीत पायाला चिकटणाऱ्या चिखलाचं, आणि लग्नात दिनकर घोड्यावरून उतरताना अडखळला त्याचं. म्हणाली, "आमी दोघं एकमेकांशी नीट बोललोच न्हाई. मानसं हुती घरात. आत्ता कुठं बोलायला लागलो, तर हे मशीन." मग म्हणाली, "पन तुझ्यामुळं बोलतो तरी."

माझ्या साऱ्या आयुष्यात मला परत मिळावा असा एकच तास असेल तर तो. शेंगांचा खमंग वास, पायाखालची गार फरशी, आणि कुणाचीच वेळ नसलेली ती संध्याकाळ.

थंडी वाढली तसं त्याचं येणं विरळ झालं. एक शुक्रवार चुकला. शालन म्हणाली, "तिकडं येळ बदलली आसंल." मी म्हटलं, असेल. पुढच्या वेळी तो आला, कामाचा ताण आहे म्हणाला. मग पुन्हा चुकला. ती भोंग्याच्या आधीच येऊन बसायला लागली आणि माझी कंपनीची बस सुटेपर्यंत बसायला लागली, म्हणजे अलीकडचा तास आणि पलीकडचा तासही तिच्या हाताशी राहील. आली की पहिल्यांदा मला विचारायची, "बदलली का येळ?"

मला ठाऊक होतं की वेळ वर्षातून दोनदाच बदलते. तिकडून आलेली सूचना माझ्या टेबलाच्या काचेखाली होती. मी तिला तसं सांगितलंही, वाचून दाखवलं. तिने मान डोलावली. पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच विचारलं, तितक्याच साधेपणाने, आणि मला समजलं की तिला उत्तर नको आहे. तिला तेवढं वाक्य हवं आहे. मग मी म्हणायला लागले, "बघू या." ती स्टुलावर बसायची. संक्रांतीला तिने तिळाचे लाडू आणले. एका शुक्रवारी विणायला घेतलेला स्वेटर आणला, करडा, मोठ्या मापाचा. सुयांची टकटक मशीनच्या शांततेत ऐकू यायची. मध्येच थांबून ती लाइनकडे बघायची आणि पुन्हा टाके मोजायला लागायची.

मार्चअखेर सूचना आली, घड्याळं पुढे जाणार. मी तिच्या खोलीवर जाऊन सांगितलं. हा खरा बदल होता. तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. त्या शुक्रवारी ती मोगऱ्याचा गजरा माळून आली. कॉम्प्युटर रूमच्या दारापर्यंत त्याचा वास आला. आणि तो आलाही, अगदी वेळेवर.

थोडंच बोलला. मुक्काम लांबलाय. थंडी कमी झाली. तब्येतीला जप. मी त्या शब्दांत जेवढा जीव घालता येईल तेवढा घालून वाचले, श्वास घेऊन, आवाज खाली नेऊन. त्याने तिचं नाव लिहिलंच नव्हतं. ते मी घातलं नाही. शालन डोळे मिटून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "नाव राहिलं." मी म्हटलं, "लाइन तुटली." आणि ती खरंच तुटली होती.

त्यानंतर तो आला नाही. आंब्याचे दिवस आले. औषधाच्या कारखान्याकडून पहिला आंबूस वास आला आणि त्या संध्याकाळी पाऊस झाला. एका शुक्रवारी मशीन वाजलं तेव्हा शालन इतक्या घाईने उठली की स्टूल कलंडलं.

मजकूर इंग्रजीत होता. तिकडच्या ऑफिसातल्या कुणा बाईने पाठवलेला. मी एकदा वाचला, पुन्हा वाचला. शालन माझ्या खांद्याशी उभी होती.

"काय म्हनत्यात?"

मी सांगितलं. हे दुसऱ्या कुणी लिहिलंय. दिनकररावांनी तिथलं काम सोडलंय. दुसऱ्या गावाला गेलेत. तिथला पत्ता यांच्याकडे नाही. घरच्यांना कळवा म्हणून लिहिलंय.

तिने सगळं ऐकून घेतलं. कागदावर तिने बोट ठेवलं होतं, पहिल्या दिवशी ठेवलं होतं तसं. मग तिने विचारलं, "त्या गावातली येळ हीच हाय का?"

"हीच आहे," मी म्हटलं. "देश तोच आहे."

"मग बरं," ती म्हणाली, आणि स्टूल सरळ करून बसली. कंपनी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत बसून राहिली. मी तिच्याजवळ बसले. तिने माझा हात धरला नाही, मीही धरला नाही.

तो का गेला, कुणासाठी गेला, याच्या कॉलनीत बऱ्याच गोष्टी झाल्या. मला त्यातली एकही खरी ठाऊक नाही. त्याचा राजीनामा आला आणि खोली रिकामी करायची वेळ आली. सासरची माणसं न्यायला आली तर तिने जायला नकार दिला. भाऊ टेम्पो घेऊन आला. सामान ते केवढं, एक ट्रंक, चार भांडी, पलंग. मी मदतीला गेले होते. तिने निळा सदरा घडी करून ट्रंकेत सगळ्यांत खाली ठेवला आणि वर तो विणलेला स्वेटर ठेवला. टेम्पो हलला तेव्हा तिने मागे पाहिलं नाही.

दीडदोन महिन्यांनी कळलं की ती आकुर्डीला परत आलीय. विजेच्या मोटारींच्या गुंडाळ्या करायच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागली होती, तांब्याची तार गुंडाळायचं काम. भावाच्या घरी भाकरी खायला तिला जड जात होतं. मी एका गुरुवारी पत्ता शोधत गेले. स्टेशनच्या मागे पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यांच्या पलीकडे अजून ज्वारीचं रान होतं. तिने दार उघडलं. वाळली होती. बोटांच्या टोकांना तारेने चिरा पडल्या होत्या आणि अंगाला वार्निशचा वास येत होता.

तिने चहा केला. मी बोलत राहिले. साहेबांचं, कॉम्प्युटरचं, आईच्या गुडघ्यांचं, जे सुचेल ते. ती कपात बघत होती. मी हातातला चहा संपवला तेव्हा ती म्हणाली, "एक सांगू? राग मानू नगंस."

मी मान हलवली.

"तू नगं येत जाऊस."

मी विचारलं, "का गं?"

"तू बोललीस की मला ते बोलल्यावानी वाटतं. वरीसभर त्येंला मी तुझ्याच तोंडून ऐकलं. मीच शिकीवलं तुला तसं बोलाया. आता त्येंचा खरा आवाज कसा हुता, ते मला आठवतच न्हाई. तुझाच येतो." तिचा सूर रागाचा नव्हता. चूक माझी नाही, तिचीही नाही, असं समजावून सांगत असल्यासारखी ती बोलत होती. "रातीला मी तुझ्या आवाजाशी भांडते. तुझा काय दोष त्यात."

मला खूप काही म्हणायचं होतं. पण जे काही म्हणाले असते ते त्याच आवाजात म्हणाले असते. म्हणून मी उठले. कप विसळून पालथा घातला. तिने दारापर्यंत येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मोठ्या बहिणीने फिरवावा तसा, आणि दार लावून घेतलं. मी रानाच्या कडेकडेने स्टेशनकडे चालत गेले. गुरुवार होता. कुठलाच भोंगा होणार नव्हता.

त्या शरदात वेळ मागे करायला मी एकटी बसले. यंत्र बंद केलं, दिवे तेवढे चालू ठेवले, आणि खुर्चीत बसून तास जायची वाट बघितली. नंतर नवा कॉम्प्युटर आला. तो स्वतःची वेळ स्वतः लक्षात ठेवायचा, वर्षातून दोनदा मात्र अजून हाताने सांगावं लागायचं. पुढे माझं लग्न झालं आणि मी साताऱ्याला गेले. आमच्या कंपनीच्या जागी आता उंच इमारती आहेत. नवरा गेल्यावर भाची मला इथे घेऊन आली. या सगळ्या वर्षांत मी घरात फारशी मोठ्याने बोलत नसे. नवऱ्याला वाटायचं, माझा स्वभावच तसा.

भाचीची गाडी गेली त्या दिवशी दुपारी मी बस धरली आणि आकुर्डीला उतरले. येऊ नको म्हटलेलं मी इतकी वर्षं पाळलं होतं. आता दोघी म्हाताऱ्या झालो, माझा आवाज बदललाय, दातही गेलेत, आता तिला माझं बोलणं माझंच वाटेल, असं काहीतरी मनाशी म्हणत होते. पत्र्याच्या खोल्या नव्हत्या. रान नव्हतं. विचारत विचारत एका गल्लीत ते वर्कशॉप सापडलं, आता पक्क्या गाळ्यात. आत तीनचार मुली तार गुंडाळत होत्या आणि वार्निशचा तोच वास होता. मालकांची सून टेबलाशी बसली होती. मी शालनचं नाव घेतलं.

तिने पेन खाली ठेवलं. शालनमावशी गेल्या, म्हणाली, मागच्या दिवाळीच्या आधी. झोपेतच गेल्या. बोटं चालत होती तोवर इथेच काम केलं त्यांनी. या सगळ्या मुलींना त्यांनीच शिकवलं, मलासुद्धा. कुणी नातेवाईक फारसे आले नाहीत, आम्हीच सगळं केलं.

मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यांतली एक उठली आणि तिने माझ्यासाठी खुर्ची आणली. मी बसले नाही, नुसती पाठीला धरून उभी राहिले.

"तुम्ही कोण त्यांच्या?" सुनेने विचारलं.

मी तोंड उघडलं. किती वर्षांनी कुणीतरी मला हे विचारत होतं, आणि त्याला एक साधा शब्द होता, मैत्रीण.

"ओळखीची," मी म्हणाले.